तोरणातलं बी

गटाच्या वह्या, हप्ते, बँकेची कागदपत्रं आज थोडा वेळ बाजूला ठेवू. आज आपण अंगणातल्या फुलांचा इतिहास बघू.

इतिहास म्हटलं की आपल्या वसईत लगेच किल्ला आठवतो. चिमाजीअप्पा आठवतात, १७३९ साल आठवतं. शाळेच्या पुस्तकात वसईचं नाव आणखी एकदा येतं, ते १८०२ च्या तहात. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तो तह इथे केला. या सगळ्या गोष्टी पुरुषांच्या, तलवारीच्या आणि कागदाच्या. पण आपल्या परसातही एक इतिहास आहे. तो डब्यात, पुरचुंडीत, वाळलेल्या दुधी भोपळ्यात ठेवलेला असायचा.

दसऱ्याच्या आधीच्या एका बैठकीत आम्ही सगळ्या बायांना विचारलं, "आपलं सगळ्यात जुनं, अस्सल आपलं फूल कोणतं?" दहाजणींपैकी आठजणी म्हणाल्या, झेंडू. एक म्हणाली मोगरा, एक म्हणाली जास्वंद. झेंडू म्हणणाऱ्यांचं कारण सरळ होतं. झेंडूशिवाय दसरा नाही, तोरण नाही, गाडीला हार नाही, लक्ष्मीपूजन नाही. तेरड्याचं नाव मात्र एकीनेही घेतलं नाही. आणि खरं उत्तर तेरडा होतं!

तेरडा इथल्याच मातीतला. पहिला पाऊस पडला की तुंगारेश्वरच्या डोंगरउतारावर, बांधावर, वाटेच्या कडेला तो आपोआप उगवतो. भाद्रपदात गुलाबी होतो. कोकणात कितीतरी घरी गौर आणतात ती तेरड्याचीच. "तेरड्याचा रंग तीन दिवस" असं आपण सहज बोलून जातो, पण तेरड्याचं शहाणपण बघा. त्याची शेंग पिकली की नुसत्या बोटाच्या स्पर्शाने फुटते आणि बी चारी बाजूंना उडवते. रंग तीन दिवसांचा असेल, पण पुढच्या वर्षाची सोय तो स्वतःच करून ठेवतो. त्याला आपली गरज नाही.

झेंडूचं तसं नाही. झेंडू पाहुणा आहे, आणि फार लांबचा पाहुणा आहे. त्याचं माहेर मेक्सिको. रोपवाटिकेत एका ट्रेवर "आफ्रिकन झेंडू" लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर "फ्रेंच झेंडू". मोठ्या गोंड्याचा तो आफ्रिकन, बुटका आणि तांबूस छटेचा तो फ्रेंच. पण त्यातला एकही आफ्रिकेचा नाही आणि एकही फ्रान्सचा नाही. दोघांचंही मूळ मेक्सिकोच्या बाजूचं. लग्न होऊन आलेल्या बाईला जसं माहेरच्या नावाऐवजी सासरच्या नावाने ओळखतात, तसंच काहीसं त्याचं झालं.

मेक्सिकोत त्याला सेंपासुचिल म्हणतात. तिथल्या जुन्या नाहुआ भाषेतल्या शब्दांवरून हे नाव आलं, आणि त्याचा अर्थ "वीस फूल". नाव ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलंय. झेंडूचा एक गोंडा म्हणजे एक फूल नसतं, कितीतरी बारीक फुलांचा तो जुडगा असतो. म्हणून तर एका गोंड्यातून इतक्या बिया निघतात.

आता हे फूल आपल्या दारात कसं आलं? आपल्याकडे समुद्र काही नवा नव्हता. सोपाऱ्याचं बंदर फार जुनं, सम्राट अशोकाचे लेख तिथे सापडले आहेत. परदेशी व्यापार इथल्या लोकांनी शतकानुशतकं पाहिला होता. मग डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं, इथे त्यांचं राज्य होतं. त्या काळात अमेरिका खंडातली झाडं जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरली. आपली मिरची त्यातलीच. पेरू, पपई, अननस, काजू हेही त्यातलेच. मिरचीशिवाय आपली एक भाजी होत नाही, पण तीही तिकडचीच. याच पोर्तुगीज काळात झेंडू आपल्याकडे आला. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही मूळची अमेरिकेचीच.

राज्य गेलं तेव्हाची एक गोष्ट आम्हाला नेहमी आठवते. मराठ्यांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चच्या मोठाल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशी एक घंटा आजही आहे. घंटा नेल्याची नोंद इतिहासात झाली. तोफा किती, माणसं किती, याचीही झाली. पण झेंडूचं बी कोणत्या बाईने कोणाला दिलं, याची नोंद कुणी केली नाही. घंटा एकदा टांगली की दोनशे-अडीचशे वर्षं तशीच राहते. बी तसं राहत नाही.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. मोगरा एकदा लावला की वर्षानुवर्षं फुलतो. सोनचाफ्याचं कलम नातवंडांपर्यंत पुरतं. झेंडूचं आयुष्य मात्र चार-पाच महिन्यांचं. रोप येतं, फुलतं, बी धरतं आणि मरतं. म्हणून अशा फुलांना हंगामी म्हणतात. हंगामी फूल तीनशे-चारशे वर्षं एखाद्या मुलखात टिकलं, याचा अर्थ तीनशे-चारशे वेळा कुणीतरी बी राखलं. प्रत्येक वर्षी. एक वर्ष विसरलं की त्या घरापुरता तो धागा तुटला. मग शेजारणीकडे ओंजळ पसरावी लागते. ती शेजारीण होती, तिने दिलं, म्हणून फूल टिकलं. हे काम कुठल्या दप्तरात नाही, त्याची मजुरी कुणी दिली नाही. दसरा झाला की वाळलेलं तोरण उतरवायचं, गोंडे कुस्करायचे आणि परसात टाकायचे किंवा फडक्यात बांधून ठेवायचे, हे घरातली बाईच करत आली.

आणि या पाहुण्याला आपण किती सामावून घेतलं बघा. हिंदू घरी तो दसऱ्याला, दिवाळीला आला. वसईच्या ख्रिस्ती घरांतही आला. २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी आपल्याकडच्या दफनभूमीत कबरी स्वच्छ करतात, मेणबत्त्या लावतात आणि फुलांनी सजवतात. त्यात झेंडूच्या पाकळ्या असतातच. मेक्सिकोतही १ आणि २ नोव्हेंबरला घरोघरी आणि कबरींवर हेच फूल वाहतात. गेलेल्या माणसांना त्याच्या वासाने आणि रंगाने घराची वाट सापडते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. एक फूल आणि एक दिवस, आणि मध्ये दोन महासागर. तिथली म्हातारी आणि आपल्या गावची म्हातारी एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण दोघींच्या हाताला वास एकच.

आता थोडं पुढच्या काळात येऊ. इंग्रजांच्या राज्यात फुलांच्या बियांची दुसरीही एक वाट होती. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-बागाईत सोसायटी १८३० मध्ये स्थापन झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार हीच संस्था पाहते आणि तिथलं वार्षिक पुष्पप्रदर्शन आजही गाजतं. साहेबांच्या बंगल्यांपुढे थंडीत पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी अशी फुलं लागायची. त्यांचं बी विलायतेहून पाकिटात यायचं, माळी ते पेरायचा आणि पुढच्या वर्षी नवं पाकीट यायचं. म्हणजे बंगल्याचं बी पाकिटातलं आणि आपल्या परसाचं बी डब्यातलं. पुढे बंगल्यातली काही फुलं आपल्या अंगणातही उतरली. झिनिया आणि कॉसमॉस ही दोन्ही मेक्सिकोचीच, झेंडूची माहेरवाली. कॉसमॉस तर एकदा लावला की सांडलेल्या बियांतून पुन्हा उगवतो, म्हणून तो आपल्या बायांना आवडला.

वसईच्या फुलांचं नशीब बदललं ते रेल्वेने. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. पुढे आपल्या वाड्यांतली केळी, पानं, भाजी आणि फुलं मुंबईला जाऊ लागली. बावखलाचं आणि रहाटाचं पाणी पिऊन वाढलेली फुलं पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात पोचायची. पाट्या डोक्यावर घेऊन मालडब्यात चढणाऱ्या कितीतरी बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आपल्यातल्या काहीजणी स्वतः चढल्या आहेत. देवाचं फूल असं पैशाचं फूल झालं. त्यात वाईट काही नाही. त्या पैशावर पोरांच्या फिया भरल्या गेल्या.

पण पैसा आला की घाई येते. दसऱ्याच्या दोन दिवस आधी भाव चढतो आणि दसरा संपला की तेच फूल कुणी विचारत नाही. म्हणून सगळी झाडं एकाच वेळी, एकाच रंगाची, मोठ्या गोंड्याची फुलायला हवीत. अशा वेळी संकरित बियांचं पाकीट कामाला येतं. आम्हीही ते घेतलं. ती आमची फजिती आता सांगतो, कारण ती लपवून कुणाचा फायदा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या पाचजणींनी मिळून अंतर्गत कर्ज घेतलं आणि झेंडू लावला. पाकिटातलं बी होतं. पहिल्या वर्षी फूल असं आलं की बघत राहावं. कर्ज फिटलं, वर चार पैसे उरले. आम्हाला वाटलं, आता पाकीट कशाला? आपल्याच फुलांचं बी धरू. धरलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा कर्ज काढून तेच पेरलं. झाडं आली, पण एक कमरेएवढं तर एक वीतभर. काही गोंडे भरगच्च, काही एकेरी पाकळ्यांचे. निम्म्या झाडांना फूल आलं ते दिवाळी उलटून गेल्यावर. दसऱ्याला जेमतेम दोन पाट्या भरल्या. हप्ते आम्ही भाजीच्या पैशातून फेडले आणि महिनाभर एकमेकींशी धड बोललो नाही.

चूक बियांची नव्हती. पाकिटावर बारीक अक्षरात "संकरित" लिहिलेलं होतं, ते आम्ही वाचलंच नव्हतं. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी येतात. त्यांचं बी धरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून संकरित लावायचं तर दरवर्षी विकत घ्यायचं, हा हिशोब आधीच मांडायला हवा. बाजारात कलकत्ता झेंडू म्हणतात त्याची रोपं तर बहुतेक फांद्यांपासूनच करतात. त्याचं बी राखण्याचा प्रश्नच येत नाही. सरळ वाणाचं बी मात्र घरी धरता येतं. दिल्लीच्या पुसा संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे असे सरळ वाण आहेत. आपला गावठी झेंडू तर आहेच.

त्याच वर्षी आमच्या गटातल्या एका आजींच्या कुंपणाला गावठी झेंडू फुलला होता. नारंगी, मध्यम गोंड्याचा, वास उग्र. दसऱ्याच्या आठवड्यात बरोबर फुलला. आम्ही विचारलं, "आजी, बी कुठून आणलंत?" त्या म्हणाल्या, "आणायचं कशाला? सासूने दिलं होतं." एवढंच बोलल्या. आम्हीही तेव्हा मागितलं नाही. पुढे मागू म्हटलं.

पुढे आजी गेल्या. त्यांच्या घरच्यांनी वाडीचा बराच भाग विकला. कुंपण गेलं, झेंडूही गेला. एका बैठकीला त्यांची सूनबाई एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. "आवराआवरीत सापडला, टाकणार होते," म्हणाली. आत राखेत मिसळलेलं बी होतं, काळं, सुईसारखं, शेंड्याला पांढुरकी शेपटी. किती जुनं ते तिलाही सांगता येईना. आम्ही सगळं पेरलं. बहुतेक उगवलंच नाही. नऊ रोपं जगली.

नऊ झाडं म्हणजे दसऱ्याला फार तर चार-पाच हार. पण त्या दिवसांत पाव किलोलाही चांगला भाव असतो. बैठकीत वाद झाला. एकजण म्हणाली, "फुलं विकू, उरतील त्यांचं बी धरू." सूनबाई म्हणाली, "उरलेलंच बी धरलं तर उरलेलंच उगवेल." तिचं म्हणणं बरोबर होतं. पहिली, मोठी, भरदार फुलं आपण तोडतो आणि शेवटची मरतुकडी झाडावर राहतात. त्यांचं बी धरत गेलं की वाण दरवर्षी खालावतं. शेवटी ठरलं, या वर्षी एकही फूल तोडायचं नाही. त्या दसऱ्याला आमच्या गटाच्या तोरणात आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्याच होत्या. आज ते बी अकरा घरांत आहे. एका घरी विसरलं तर दहा घरी असेल, एवढाच त्यातला अर्थ.

तुम्हाला हे करायचं असेल तर अवघड काही नाही. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलं तर दसरा साधतो. आपल्याकडे पाऊस दणकून पडतो, म्हणून रोपं उंच वाफ्यावर किंवा आडोशाच्या ट्रेमध्ये करा. माती, शेणखत, थोडी वाळू. बी चार ते सात दिवसांत वर येतं. महिन्याभरात रोप हलवा. त्यानंतर महिन्याने शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतात आणि फुलं वाढतात. टोमॅटो लावत असाल तर दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावा. फळ पोखरणारी अळी आधी झेंडूकडे वळते.

बियांसाठी सगळ्यात चांगली चार-पाच झाडं निवडून त्यांना लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. जवळ संकरित झेंडू असेल तर मधमाश्या दोन्हींचं मिश्रण करतात, म्हणून बियांची झाडं लांब ठेवा. गोंडा झाडावरच वाळून तपकिरी होऊ द्या. तोरणासाठी कोवळी तोडलेली फुलं वाळवली तर त्यांचं बी बऱ्याचदा पोकळ निघतं. कोरड्या दिवशी गोंडे काढा, सावलीत वाळवा, चोळा, पाखडा. राखेत मिसळून कोरड्या डब्यात ठेवा आणि वर वर्ष लिहा. तेरड्याचं बी हवं असेल तर शेंग फुटण्याआधी तिला पातळ फडक्याची पुरचुंडी बांधा.

हे आपण करू शकतो का, असं कुणी विचारलं तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सांगा. शाळेत न गेलेल्या या बाईने भाताचं, कडधान्यांचं, भाज्यांचं गावठी बी जमवलं, बियांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आणि कायदाही आपल्या बाजूला आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीच्या नावाचं पाकीट करून विकता येत नाही.

एक गोष्ट राहिली. मेक्सिको शहराच्या कडेला सोचिमिल्को नावाची जागा आहे. नावाचाच अर्थ फुलशेतीची जागा. कालव्यांच्या मधल्या पट्ट्यांवर आजही तिथे झेंडू पिकतो. १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे, तरी वाढतं शहर तिला चहूबाजूंनी दाबतंय. आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? वसईची वाडी आणि पाणी वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती लढली. २००९ मध्ये महानगरपालिका आली, इमारती आणखी वाढल्या. वाडी वाचवणं एकट्या गटाच्या हातात नसतं. डबा वाचवणं असतं.

तेव्हा या दसऱ्यानंतर तोरण उतरवाल तेव्हा केराच्या डब्यात टाकण्याआधी क्षणभर थांबा. घरात सासूबाई, आजी, मावशी असतील तर त्यांना विचारा, "बी कुठे ठेवलंय?" आजच विचारा. आम्ही पुढे मागू म्हणालो होतो, आणि डबा केरात जाता जाता वाचला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर बी आणायचं आहे. वह्या आम्ही आणतो.